आमची म्हणजे माझी

पुण्यातल्या माझ्या पीएच.डी.च्या मार्गदर्शकांनी माझी कल्पना उचलली आणि स्वतःच्या नावावर छापली. फसवणारे ते, फसलेला मी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना 'प्रत्येक गोष्टीला दोन बाजू असतात' असं कुणी मनात आणायला नको. दुसरी बाजू मी पुष्कळांकडून ऐकली आहे. ती सांगणारे लोक चहा चांगला पाजतात, एवढंच तिच्याबद्दल बोलता येईल.

कल्पना म्हणजे काही रान नव्हे, की तलाठ्याकडून उतारा काढून दाखवला आणि मिटलं. म्हणून ती कुठून आली आणि कुणाच्या तोंडातून कुणाच्या कानात गेली, ते सरळ सांगतो.

मी इंदापूर तालुक्यातल्या शेळगावचा. आजोबांपर्यंत आमच्या घरात मेंढरं घेऊन फिरणं हाच धंदा. वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, थोडी जमीन केली, पण मेंढरं सोडली नाहीत. शाळेत असल्यापासून निमगाव केतकीच्या बाजारात मी त्यांच्या शेजारी उभा राहायचो. आमच्याकडे जनावराचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा आणि त्याच्याखाली एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगायचा. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. मी हे लवकर शिकलो. रागही लवकर यायचा, तो मात्र चेहऱ्यावर दिसायचा, आणि तात्या म्हणायचे, "ह्याला टॉवेल तोंडावर टाकायला पायजेल."

त्यांनी मला पहिल्यांदा शिकवलं ते हे, की लोकर बघून भाव करायचा नाही. दाट लोकरीचं मेंढरू थोराड दिसतं. लोकरीत बोटं घालून मणक्यापाशी दाबायचं आणि आत मांस किती आहे ते बघायचं. बाजारात उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला आणि प्रत्येक जनावराला मी तेव्हापासून असंच दाबून बघत आलो. त्यामुळं मित्र फार झाले नाहीत. तोवर फसलोही नव्हतो.

बारामतीला बी.एस्सी. झालो, पुण्याला एम.एस्सी. झालो. कुणी हात दिला नाही, मी मागितलाही नाही. परत येऊन बारामतीच्याच एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला लागलो. शिक्षकांच्या खोलीत एक जण मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचा, "मेंढरामागचा माणूस आता अणूमागं लागलाय." मी त्याला एकदा म्हणालो, "तुमी पगारामागं लागलाय, मी काय बोललो का?" त्यानंतर त्यानं ते हळू आवाजात म्हणायला सुरुवात केली.

नव्वद साल उलटून गेलं होतं. पीएच.डी. करायची म्हणून पुण्याला सरांकडे, म्हणजे त्याच मार्गदर्शकांकडे, गेलो. त्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर, खिडकीशी टेबल, भिंतीवर फळा. आवाज मऊ. मऊ आवाजाच्या माणसाशी मी बाजारातही जपूनच बोलतो.

"आपण कुठून येता?" त्यांनी विचारलं.

"बारामतीहून."

"मग आपल्याला वेळ कसा मिळणार?"

मी मागं वळून बघितलं, माझ्याबरोबर आणखी कुणी आत आलंय की काय म्हणून. आमच्याकडे 'आपण' म्हणजे तू आणि मी, दोघं मिळून. 'आपण जेवू' म्हटलं की दोन ताटं मांडायची. सरांचा 'आपण' निराळा होता. पुढं काही दिवसांनी तो मला कळला. 'आपण हे गणित करून आणू' म्हणजे मी करून आणायचं. 'आपण चहा घेऊ' म्हणजे दोघांनी घ्यायचा. आणि 'आपण हे कुठंतरी छापू' म्हणजे काय, हे कळायला मात्र बराच वेळ गेला.

त्यांनी चार विषय पुढं ठेवले. तीन गुळगुळीत होते. चौथ्याकडे त्यांनी नुसता हात केला, म्हणून मी तोच उचलला. जास्त न्यूट्रॉन असलेल्या, विचित्र अणुकेंद्रकांची रचना.

हे प्रकरण काय आहे ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं भांडण त्यावरच आहे. अणूच्या पोटात केंद्रक असतं, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दाटीवाटीनं बसलेले असतात. नेहमीच्या लिथियममध्ये तीन प्रोटॉन आणि तीन-चार न्यूट्रॉन. पण प्रयोगशाळेत असंही लिथियम बनवता येतं, की ज्यात तीन प्रोटॉनांबरोबर आठ न्यूट्रॉन कोंबलेले असतात. ते पापणी लवायच्या आत मोडून जातं. तेवढ्या वेळात लोकांनी त्याचं माप घेतलं, तर ते भलतंच मोठं निघालं. आतला गाभा नेहमीसारखाच लहान, पण शेवटचे दोन न्यूट्रॉन इतके सैल धरलेले, की ते गाभ्यापासून लांब लांब फिरत राहतात. वाचलं तेव्हा मला हसू आलं. म्हणजे लोकरच की. आत मांस तेवढंच.

पण ते माप घेतलं कसं, ह्याच्यावर माझा पहिल्यापासून संशय होता. ही केंद्रकं एका पातळ पत्र्यातून सोडतात आणि किती मोडली, किती धड पार गेली ते मोजतात. जास्त मोडली तर अंग मोठं, कमी मोडली तर लहान. इथवर ठीक. पण मोडलेल्यांवरून अंगाचा आकार काढायचं जे गणित होतं, त्यात फिरणारे दोन न्यूट्रॉन सगळीकडे सारखे पातळ पसरलेले धरायचे. अंगण सारवावं तसे. मी सरांना म्हणालो, "हे मला पटत नाही."

"का?"

"का ते सांगता येत नाही. पण काट्यात खोट वाटते."

सर हसले. "अहो, जगभर हेच गणित वापरतात."

"सगळा बाजार एका काट्यानं मोजत असला म्हणून काटा खरा होत नाही, सर."

ते पुन्हा हसले आणि म्हणाले, "आपण आधी जगासारखं करून बघू." म्हणजे मी करून बघायचं. मी केलं.

खोट सापडली ती बारामतीजवळच्या पणदऱ्यात. थंडीचे दिवस होते. तिथल्या एका बागायतदाराच्या रानात खतासाठी आमची मेंढरं बसवली होती. कॉलेज सुटल्यावर मी तात्यांची भाकरी घेऊन गेलो, तर तिथं भांडण उभं. शेजारच्या रानात हरभरा होता आणि आमची दोन मेंढरं त्यात शिरली होती. ती अजून तिथंच, पार पलीकडच्या कोपऱ्यात होती. हरभऱ्याचा मालक तात्यांसमोर कमरेवर हात ठेवून उभा.

"तात्या, तुमच्या मेंढरांनी सगळा हरभरा घालवला."

"दोनच हायेत की. हाकलतो," तात्या म्हणाले.

"दोन आसूंद्यात न्हायतर ईस. सगळ्या रानात फिरल्यात. सगळ्या रानाचं नुसकान धरायचं."

माझं डोकं तापलं. मी भाकरीचं गाठोडं खाली ठेवलं. "सगळ्या रानाचं कसं काय?"

"मास्तर, तुमी कालेजात शिकवा. हितं न्हाय."

"शिकवत न्हाय, इचारतोय. तुमी आत्ता हितवर आला कुठनं?"

"कुठनं म्हंजी? त्या बांधावरनं. रानातनं चालत आलो."

"तवा मेंढरं रानातच हुती?"

"हुती की. म्हणून तर आलो."

"मग चालताना एखादं आडवं आलं? पायात घुटमळलं?"

"न्हाय. ती तितं कोपऱ्यात, आन् मी मधनं आलो."

"म्हंजी रानात दोन मेंढरं आसून तुमी न धडकता धड हितवर आला. सगळ्या रानात पसरली आसती तर पावलागणिक धडकला आसता. दोन मेंढरं येका येळंला दोनच जाग्याला आसत्यात, रानभर न्हाय."

तो माणूस तात्यांकडे वळला. "तात्या, ह्याला वकील करायचा हुता. मेंढरं खाऊन गेली तरी खाल्लं न्हाय म्हणंल."

तात्यांनी त्याला एक रात्र फुकट मेंढरं बसवून द्यायचं कबूल केलं आणि भांडण मिटवलं. एरवी मी त्या एका रात्रीवरूनही हुज्जत घातली असती. त्या दिवशी घातली नाही. मी बांधावरच उभा राहिलो. मी आत्ता काय बोललो ते मला बोलून झाल्यावर ऐकू आलं होतं.

दोन न्यूट्रॉनही असेच. ते सारवलेले नसतात. प्रत्येक क्षणी ते कुठल्यातरी एका जागी असतात, आणि पुष्कळदा ती जागा गाभ्यापासून लांबच्या कोपऱ्यात असते. केंद्रक पत्र्यातून जाताना पत्र्यातलं एखादं केंद्रक आडवं आलं, तर बहुतेक वेळा त्याची गाठ न्यूट्रॉनाशी पडणारच नाही. सारवून धरलं तर प्रत्येक वेळी थोडी थोडी धडक बसते, आणि ती धडक खोटी असते. म्हणजे इतकं अंग असलेलं केंद्रक जगाच्या गणितापेक्षा जास्त वेळा धड पार जायला हवं. आणि तरीही प्रयोगात मोडतात तेवढी मोडतात, ह्याचा अर्थ एकच. त्याचं अंग सगळे समजतात त्याहून मोठं आहे. जगानं माप कमी धरलं होतं.

कॉलेजात तेव्हा संगणकाची एक खोली होती. बाहेर चपला काढून आत जायचं, पडदे ओढलेले, आणि वीज गेली की सगळं केलेलं पाण्यात. सुट्टीच्या दिवशी दुपारी दुपारी बसून मी दोन्ही गणितं शेजारी शेजारी मांडली. जगाचं एक, माझं एक. आकडे मी म्हणत होतो त्याच बाजूला झुकले. मी खोलीत एकटा होतो. उठून दार बंद आहे ना ते बघून आलो.

सगळं एका फ्लॉपीवर घेतलं आणि पुण्याला गेलो. एस.टी.त शेजारी बसलेला माणूस दोनदा माझ्या पिशवीकडे बघत होता, म्हणून ती पायाशी न ठेवता मांडीवर घेतली. कॉलेजात कुणाला सांगितलं नव्हतं. घरीही नाही. फ्लॉपी सरांकडेसुद्धा ठेवायची नाही, दाखवून परत आणायची, असं ठरवून गेलो होतो. आणि तसंच केलं. ती फ्लॉपी अजून माझ्याकडे आहे. कुणी तिला हातही लावला नाही, कारण कुणाला तिची गरजच पडली नाही. मी फळ्यासमोर उभा राहिलो आणि जे राखायचं होतं ते तोंडानं सांगून टाकलं.

सरांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. एरवी ते चुका काढायचे. माझं बोलून झाल्यावर ते म्हणाले, "परत एकदा सांगा. हळू."

बाजारात गिऱ्हाईक भाव दुसऱ्यांदा विचारायला लागलं, की त्यानं जनावर घ्यायचं ठरवलेलं असतं. हे मला ठाऊक होतं. पण मला वाटलं, सर घेणार म्हणजे माझी गोष्ट मान्य करणार. म्हणून मी ती पुन्हा सांगितली. हळू. मेंढरांसकट.

"छान," ते म्हणाले. "मेंढरं कुठं बोलू नका हं. हसतील लोक."

पुढं त्यांनी विभागात एक छोटी बैठक ठेवली. मी बोललो, मेंढरं वगळून. विभागप्रमुख पहिल्या रांगेत होते, सर त्यांच्या शेजारी. बोलून झाल्यावर विभागप्रमुखांनी विचारलं, "ही कल्पना कुणाची?"

मी म्हणालो, "आमची हाय, सर."

घाईत 'हाय' तोंडातून गेलं म्हणून दोघं-तिघं हसले. मला त्याचीच लाज वाटली आणि माझं सगळं लक्ष तिकडं गेलं. सर मान हलवत विभागप्रमुखांना म्हणाले, "हो, आपलीच." हे मला ऐकू आलं. ऐकू येऊनही त्यात काही दिसलं नाही.

नंतर सरांचं एकच पालुपद. "आपण घाई नको करू. आणखी पक्कं करू." मी आणखी पक्कं करत राहिलो. एकाच फिरत्या न्यूट्रॉनाचं बेरिलियम आहे, त्याचंही गणित करून नेलं. सर आकडे पाहायचे, एखादा प्रश्न विचारायचे. प्रश्न नेमके असायचे. ज्याचं काम आहे त्याला पडावेत असे. मला संशय यायचा आणि मग स्वतःचाच राग यायचा. ज्यांना गुरू म्हणायचं त्यांच्याही मणक्यात बोटं रोवायची का, असं वाटायचं. रोवायला हवी होती.

एकदा गेलो तर सर वर्गावर होते. मी खोलीत थांबलो. खिडकीत पोस्टकार्डांचा एक छोटा ढीग होता, बाहेरच्या देशांची तिकिटं लावलेला. अशी कार्डं मीही पाठवत असे. त्या काळी कुणाचा लेख हवा असला की छापील कार्डावर लेखाचं शीर्षक भरून लेखकाला पाठवायचं, तो त्याची प्रत पोस्टानं धाडतो. सरांना कार्डं येणं नवीन नव्हतं. पण वरच्या कार्डावर जे शीर्षक भरलेलं होतं, ते माझ्या कल्पनेचं होतं. दुसऱ्या कार्डावर तेच. तिसऱ्यावरही.

सर आत आले तेव्हा कार्डं माझ्या हातात होती.

"हे काय आहे, सर?"

"अरे हो, ते सांगायचंच राहिलं. लेख आला." त्यांनी खणातून एक प्रत काढून दिली. वर एकच नाव. त्यांचं. शेवटी बारीक अक्षरात, उपयुक्त चर्चेबद्दल दोघा-तिघांचे आभार. त्यात मी, आद्याक्षर चुकवून.

"माझं नाव कुठं आहे?"

"आहे की. शेवटी."

"लेखक म्हणून?"

"हे बघा," ते खुर्चीत बसत म्हणाले, "आपण आकडे आणलेत, ते मी वापरलेलेच नाहीत. सगळं गणित मी नव्यानं केलं, माझ्या पद्धतीनं."

"आणि कल्पना?"

"कल्पना आपली दोघांची. त्या दिवशी सगळ्यांसमोर आपणच म्हणालात ना, 'आमची' म्हणून?"

आमच्या गावात माणूस स्वतःपुरतं बोलतानाही 'आमी' म्हणतो. 'आमी न्हाय येत' म्हणजे मी एकटा येत नाही. 'आमची मंडळी' म्हणजे माझी एकट्याची बायको. 'मी', 'माझं' असं छाती पुढं काढून म्हणणाऱ्याला आमच्याकडे शहाणा म्हणत नाहीत. मी हे सांगायला लागलो, पण रागानं शब्द एकमेकांवर चढले आणि आवाज चढला. शेजारच्या खोलीतला माणूस दारात येऊन बघून गेला.

सरांचा आवाज तसाच मऊ. "अहो, इतकं मनाला काय लावून घेता? ह्यावरच आपण आपला प्रबंध लिहा. मी लगेच सही करतो. पुढचा लेख आपल्या दोघांच्या नावावर काढू."

म्हणजे सौदा. मी गप्प बसायचं, त्या बदल्यात पदवी. आणि प्रबंधात माझ्याच कल्पनेपुढं त्यांच्या लेखाचा हवाला द्यायचा. सौदा मला नवा नव्हता. मी माझा भाव सांगितला. मासिकाला लिहून कळवा की कल्पना ह्यांची, आणि नाव घाला. तेवढंच. दुसरं काही नको.

"ते कसं शक्य आहे?" ते म्हणाले.

मी उठलो. आमच्याकडे सौदा अडला की उठून चालायला लागायचं. वळून बघायचं नाही, पण पावलंही भराभर टाकायची नाहीत. ज्याला खरंच सौदा करायचा असतो तो हाक मारतो. बाजारात मला हाक आली नाही असं कधी झालं नव्हतं. मी दारातून बाहेर पडलो आणि हळू चाललो. जिन्यापाशी चपलेचा अंगठा नीट करायच्या निमित्तानं वाकलो. जिना एकेक पायरी करून उतरलो. खाली सूचनाफलकावर परीक्षेचं वेळापत्रक होतं, ते अथपासून इतिपर्यंत वाचलं.

वरून हाक आली नाही. स्वारगेटला येऊन बारामतीच्या गाडीत बसलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, की सर बाजारात कधी उभे राहिलेले नाहीत. त्यांनी मला उठून जाताना पाहिलं आणि त्यांना वाटलं असेल, मी गेलो.

तरी परत एकदा पुण्याला जाऊन मी विभागप्रमुखांकडे गेलो. ते वयानं मोठे, मराठी चांगलं बोलणारे. म्हटलं, व्याकरण तरी मानतील. त्यांना म्हणालो, "सर, तुम्ही विचारलंत, मी उत्तर दिलं. समोर तुम्ही आणि ते, दोघं ऐकत होता. मी 'आमची' म्हणालो. 'आमचं' म्हटलं की ऐकणारा त्यात धरत नाहीत. 'आमच्या घरी या' म्हणतो आपण पाहुण्याला. त्याचंही घर असतं तर 'आपल्या घरी' म्हटलं असतं. मला ते त्यात धरायचे असते, तर मी 'आपली' म्हणालो असतो. 'आपली' हा शब्द त्यांनी वापरला."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मुद्दा बरोबर आहे तुमचा."

"मग?"

"पण लेख इंग्रजीत आहे. इंग्रजीत आम्ही आणि आपण एकच."

ते थट्टा करत नव्हते. त्यांनी चहा मागवला होता, तो आला. मी घेतला नाही. ते आणि सर रोज एकत्र डबा खातात हे मला शिपायानं नंतर सांगितलं, आणि शिपायानं ते मला का सांगितलं, ह्याचाही मी विचार करत बसलो.

निमगावच्या बाजारात तात्यांचे एक जुने व्यापारी दोस्त होते. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. बकऱ्यांच्या सौद्यात त्यांच्याइतका तिखट माणूस मी पाहिला नाही. त्यांनी माझा चेहरा बघून खोदून खोदून विचारलं. मी सांगितलं. न्यूट्रॉन वगैरे सोडून, बाकी सगळं.

"मंजे तू टॉवेलाखाली हात घातला," चाचा म्हणाले.

"घातला."

"आन् टॉवेल कुणाचा?"

"त्यांचा."

"जागा?"

"त्यांची."

"दलाल?"

"त्यांच्याबरोबर डबा खाणारा."

चाचा तात्यांकडे वळले. "तुमचं पोरगं लई शिकलं, तात्या. आता ह्याला बाजारात आणत जावा परत."

तात्या हसले नाहीत. ते म्हणाले, "त्यो मेंढरं राखतो म्हणून त्येला मेंढरं चोरणारा कळतो. ह्यो चोर दुसऱ्या जातीचा हाय." मग थोड्या वेळानं मला म्हणाले, "तू उठून आलास ते बरं क्येलं. पर तितं उठून येत न्हाईत. तितं बसून ऱ्हात्यात."

मी प्रबंध लिहिला नाही. दुसरा मार्गदर्शक शोधला, पण ज्याच्याकडे जावं तो आधी विचारायचा, "त्यांना का सोडलं?" आणि माझं उत्तर ऐकून त्याला काहीतरी काम आठवायचं. नोंदणीची मुदत संपून गेली. शिक्षकांच्या खोलीतला तो माणूस एकदा म्हणाला, "डॉक्टर कधी होताय?" मी त्याच्या टेबलावरचा पेला भिंतीवर मारला. त्याबद्दल मला लेखी समज मिळाली. ती योग्य होती.

काही काळानं बाहेरच्या देशांतही हीच गोष्ट कुणी कुणी मांडली, माझ्याहून आणि सरांहूनही नेटकी. त्या केंद्रकाचं अंग समजतात त्याहून मोठं आहे, हे आता कुणी नाकारत नाही. एका परिसंवादात सर भेटले. मी समोर गेलो तर त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि चारचौघांत म्हणाले, "अहो, अशा कल्पना हवेत असतात. एकाच वेळी अनेकांना सुचतात. त्यात तुझं-माझं काय?" चारचौघांनी माना हलवल्या. सरांनी माझा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला होता, आणि मी तो सोडवून घेतला.

हवेतली गोष्टही कुणाच्या तरी नाकात आधी शिरते, सर. बाहेरच्या लोकांना ती स्वतःहून सुचली असेल. त्यांचं मला काही म्हणणं नाही, त्यांनी मला कधी पाहिलेलं नाही. तुम्ही मला पाहिलं आहे. तुम्ही मला एकच गोष्ट दोनदा सांगायला लावली आहे. तुम्ही आता निवृत्त झालात, तुमच्यावर लेख छापून येतात, आणि त्यांत त्या एका कामाचा उल्लेख हमखास असतो. वाचणाऱ्यांनी तुम्हाला कधी विचारलेलं नाही, म्हणून मी विचारतो. मी बोलायच्या आधी ही कल्पना तुमच्याकडे होती का? असली तर तुम्ही ती कुणाला सांगितली होती, आणि मग मला जगाचंच गणित करायला का लावलंत? नसली, तर लेखावर एकट्याचं नाव लिहिताना तुमच्या मनात काय होतं? ज्या विभागप्रमुखांनी सगळ्यांसमोर विचारून उत्तर ऐकलं, ते नंतर गप्प का बसले, हेही त्यांनी सांगावं.

मला पदवी नको, लेख नको. चहा तर नकोच. मराठीत उत्तर द्या, सर, आणि त्यात 'आपण' वापरू नका.